पस्तिसाव्या हिश्श्याचा रणगाडा

दिवाळीत अंगणात उभ्या राहणाऱ्या किल्ल्यावर एक गंमत हमखास दिसते. महादरवाज्यावर पहारा देणारा मावळा त्या दरवाज्यातून आत शिरू शकत नाही, कारण तो दरवाज्याच्या दीडपट उंच असतो. सिंहासनावरच्या महाराजांचा जिरेटोप बुरजाच्याही वर जातो, पायथ्याची गाय मनात आणील तर तटबंदी सहज ओलांडील, आणि उतारावर पेरलेले अळीव मावळ्यांच्या मानाने पाहिले तर देवराईतल्या झाडांएवढे वाढलेले असते. नातेपुत्यासारख्या गावातल्या आळीत काय किंवा पुण्यातल्या सोसायटीत काय, यावर कुणी हरकत घेत नाही. घ्यायचे कारणही नाही, कारण तो खेळ मनाच्या मोजपट्टीने चालतो. ज्याला मान मोठा, त्याची मूर्ती मोठी. पण याच किल्ल्यावर एखाद्या पोराने हट्ट धरला की मावळा दोन इंचांचा असेल तर दरवाजा, तोफ, घोडा, झाड सगळे त्याच हिशोबात हवे, तर पाहता पाहता खेळाची जात बदलते. आता दरवाजा खरा किती उंच होता हे शोधावे लागते. हत्ती अंबारीसह आत जात होता का, असा प्रश्न पडतो. तोफेची लांबी कुठेतरी पाहावी लागते. प्रमाणबद्ध प्रतिकृती बनवण्याचा छंद या एका हट्टातून जन्माला येतो. लष्करी वाहनांच्या, विशेषतः रणगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांना त्यात जो आनंद मिळतो, त्याचे मूळही वस्तू लहान होण्यापेक्षा प्रमाणाच्या या शिस्तीतच आहे, असे मला वाटते. प्रमाण पाळायचे ठरवले की डोळे उघडे ठेवून पाहावे लागते, आणि नीट पाहिले की वस्तू आपली कारणे सांगू लागते.

प्रमाणाचा हिशोब वरवर सोपा वाटतो, पण तो फसवा आहे. रणगाड्यांच्या प्रतिकृतींचे जगभर रुळलेले प्रमाण १/३५ आहे. म्हणजे खऱ्या वस्तूवरचे ३५ सेंटीमीटर इथे एक सेंटीमीटर होतात. भारतीय चिलखती दलाने १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत वापरलेला सेंच्युरियन रणगाडा सुमारे ३.३९ मीटर रुंद होता. प्रतिकृतीत तो ९.७ सेंटीमीटर होतो, साधारण विताच्या निम्म्याहून थोडा कमी. लांबी-रुंदी अशी सरळ भागाकाराने उतरते. क्षेत्रफळ मात्र वर्गाने उतरते. एक एकर रान १/३५ च्या जगात साडेपस्तीस चौरस फुटांत बसते, म्हणजे दोन बाजा शेजारी शेजारी टाकल्या की एकर भरला. वजन त्याहून झपाट्याने घटते, कारण ते घनाने कमी होते. सुमारे ५२ टनांचा सेंच्युरियन त्याच पोलादाचा पण पस्तिसाव्या हिश्श्याचा केला, तर तो जेमतेम सव्वा किलो भरेल. शाळेत वर्ग आणि घन यांची सूत्रे पाठ होतात. मोठी वस्तू लहान करताना ताकद, वजन आणि आकार एकाच गतीने बदलत नाहीत, ही त्या सूत्रांमागची गोष्ट मात्र हातात वस्तू धरल्याशिवाय पटत नाही.

हे ३५ कुठून आले, यामागेही मजेदार कारण आहे. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचा प्लॅस्टिकचा संच काढला. तो मोटारीवर चालायचा. आत मोटार, गिअर आणि बॅटऱ्या मावायला हव्यात, या गरजेने त्याचा आकार ठरला. संच तुफान खपल्यावर मोजून पाहिले, तर प्रमाण सुमारे १/३५ निघाले. बॅटरीच्या मापाने ठरलेला हा आकडा पुढे साऱ्या जगाने स्वीकारला. उलट विमानांत रूढ असलेले १/७२ हे प्रमाण एका इंचात सहा फूट अशा इंग्रजी मोजणीतून आले आहे. लष्करी वस्तूंची लहान प्रतिकृती करण्याची कल्पना मात्र खेळण्यांच्या दुकानात जन्मलेली नाही. फ्रान्सचा चौदावा लुई आणि त्याचा युद्धमंत्री लुव्वा यांनी सतराव्या शतकात सरहद्दीवरच्या किल्ल्यांच्या अचूक प्रतिकृती करवून घेतल्या, त्या राजाला वेढ्याचा आणि बचावाचा विचार टेबलावर करता यावा म्हणून. त्या पॅरिसमध्ये आजही पाहता येतात. दुसऱ्या महायुद्धात आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे आकारावरून झटकन ओळखता यावे, म्हणून सैनिकांना लहान प्रतिकृती दाखवून शिकवले जाई. म्हणजे प्रतिकृती हे मुळात जाणून घेण्याचे साधन होते. त्यातला आनंद पुढे छंदाने उचलला.

जाणून घेणे म्हणजे नेमके काय, हे पाहायला महाराष्ट्रातल्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. नातेपुत्याहून बारामती-दौंडमार्गे अहिल्यानगर गाठता येते. तिथे चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने १९९४ मध्ये उघडलेले रणगाडा संग्रहालय आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रोल्स रॉइस चिलखती मोटारीपासून मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, विजयंता आणि युद्धात हाती लागलेल्या पॅटनपर्यंत मोठा संग्रह तिथे उघड्यावर, हात लावता येईल इतका जवळ उभा आहे. सहलीला आलेला माणूस तोफेशेजारी फोटो काढून पुढच्या रणगाड्याकडे वळतो, आणि थोड्या वेळाने त्याला सगळे रणगाडे सारखे दिसू लागतात. प्रतिकृती करणारा तिथे वेगळ्या गोष्टी पाहतो. पीटी-७६ हा रशियन रणगाडा त्याला विचारात पाडतो, कारण जेमतेम १४ टनांच्या मानाने त्याचे धूड फारच मोठे आहे. उत्तर आर्किमिडीजकडे आहे. हा रणगाडा पाण्यावर तरंगतो. १४ टनांनी तरंगायचे तर १४ घनमीटर पाणी बाजूला सारावे लागते, म्हणून शरीर पिंपासारखे फुगीर आणि पोकळ, आणि म्हणूनच त्याचे चिलखत इतके पातळ की समोरून तोफेचा मारा सोसायची त्याची ऐपत नाही. १९७१ मध्ये बंगालच्या नद्यानाल्यांच्या मुलखात हे रणगाडे का धाडले, याचे कारण त्याच्या अंगावरच लिहिलेले आहे. शेजारच्या फ्रेंच एएमएक्स-१३ चा टरेट, म्हणजे तोफेचा फिरता मनोरा, दोन तुकड्यांचा आहे. वरचा तुकडा तोफेसकट वरखाली झुकतो, त्यामुळे गोळे आपोआप भरणारी यंत्रणा तोफेच्या रेषेत राहते आणि माणूस एक कमी लागतो. असे हलके रणगाडे १९६२ च्या ऑक्टोबरात विमानांतून लडाखमधल्या चुशूलला नेता आले, ते या बचतीमुळेच. हे सगळे पुस्तकात वाचता येते. पण टरेटचे दोन तुकडे स्वतः जोडताना ते एकमेकांत कसे डोलतात हे बोटांना कळले, की विसरायला होत नाही.

आता टेबलावर येऊ. संच म्हणजे पॉलिस्टायरीनच्या चौकटींत अडकवलेले शेकडो सुटे भाग. हे नाव परके वाटते, पण वस्तू ओळखीची आहे. गणपतीच्या मखरासाठी २०१८ च्या बंदीआधी सर्रास वापरला जाणारा थर्माकोल म्हणजे हेच पॉलिस्टायरीन, फक्त हवा भरून फुगवलेले. थर्माकोलवर पेट्रोल सांडले की तो विरघळून चिकट होतो, हे अनेकांनी पाहिले आहे. प्रतिकृतीचा गोंद नेमके हेच करतो. ब्रशने सांध्यावर टेकवलेला पातळ द्रव फटीत आपोआप ओढला जातो, दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि उडून जातो. मागे उरतो तो चिकटवलेला जोड नसतो, दोन तुकड्यांचे मिळून एकच प्लॅस्टिक झालेले असते. लोखंडाच्या कामात ज्याला वेल्डिंग म्हणतात त्याचाच हा थंड अवतार. भाग कापून झाल्यावर उरलेली चौकटही वाया जात नाही. तिची काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर फिरवत मऊ केली आणि दोन्ही टोके हलक्या हाताने ओढली, की केसासारखी तार निघते. ती रेडिओची अँटेना होते. किती ओढायचे, कधी थांबायचे, हे हाताला कळेपर्यंत डझनभर काड्या मोडतात. साखळीपट्ट्याचेही तसेच. टी-५५ रणगाड्याच्या चेनला वरून आधार देणाऱ्या छोट्या पुली नाहीत, म्हणून ती आपल्या वजनाने झुलून मोठ्या चाकांवर टेकते. रस्त्याच्या कामावरच्या पोकलेनची चेन मध्ये कशी ओघळते हे ज्याने पाहिले आहे, त्याला ताठ ताणलेली चेन लगेच खोटी वाटते. प्लॅस्टिकच्या पट्ट्याला वजन नसते, त्यामुळे तो ओघळ मुद्दाम घडवावा लागतो. घनाचा तो हिशोब इथे पुन्हा भेटतो. जे निसर्ग वजनाने करतो, ते लहान जगात हाताने करावे लागते.

रंगाचा भाग तर डोळ्यांची खरी परीक्षा घेतो. खऱ्या रणगाड्याला लावलेला हिरवा रंग जशाचा तसा प्रतिकृतीवर फासला, तर ती काळवंडलेली दिसते. कारण दीड फुटावरून पाहिलेली १/३५ प्रतिकृती म्हणजे बावन्न फुटांवरून पाहिलेला रणगाडा, आणि तेवढ्या अंतरात मधली हवा आणि उजेड रंगाला थोडा फिका करतात. म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळावा लागतो. त्यानंतर येते झीज, आणि तिथे कारणाशिवाय एकही ओरखडा चालत नाही. ऊस ओढणारा जुना ट्रॅक्टर पाहावा. मडगार्डवर शेजारी बसणारा माणूस जिथे बूड टेकतो तिथला रंग गुळगुळीत होऊन उडालेला असतो, पायरी चकाकते, डिझेल भरायच्या तोंडाखाली काळा ओघळ असतो, आणि चिखल चाकाच्या वर एका ठराविक कमानीत उडालेला असतो. रणगाड्याचेही हेच आहे. झाकणाच्या कडा, चालकाचा पाय पडणारी जागा, इंधनाच्या टाकीचे तोंड इथे रंग झिजतो, बाकी ठिकाणी फक्त धूळ बसते. उगाच सगळीकडे गंज फासणारा नवशिका लगेच ओळखू येतो, कारण त्याने झीज रंगवलेली असते, वापर पाहिलेला नसतो.

या साऱ्या निरीक्षणाला इतिहासाचे वजन कसे येते, हे एका विशिष्ट रणगाड्यावरून सांगता येईल. पूना हॉर्स ही १८१७ मध्ये पुण्यात उभी राहिलेली घोडदळाची तुकडी. पुढे तिचे घोडे गेले आणि रणगाडे आले. १९६५ च्या फिल्लोरा-चविंडा लढाईत तिचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सेंच्युरियनमधून लढताना कामी आले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत याच तुकडीचे, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमध्ये पडले. वय २१. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. फामागुस्ता आज अहिल्यानगरला जतन करून ठेवलेला आहे. या एका रणगाड्याची प्रतिकृती करायला घेतली की बाजारातला संच अपुरा पडतो, कारण तो ‘सेंच्युरियन’ नावाच्या जातीचा असतो आणि इथे हवा असतो एक विशिष्ट रणगाडा. सेंच्युरियनच्या एक डझनाहून अधिक आवृत्त्या निघाल्या. त्यांत तोफ बदलली, इंधनाच्या टाक्या बदलल्या, टरेटवरचे डबे बदलले. नळीवरचा धूर शोषणारा फुगवटा, कडेचे संरक्षक पत्रे, अंगावरचे क्रमांक आणि नाव असा एकेक तपशील छायाचित्रांशी ताडून पाहावा लागतो. जुनी छायाचित्रेही सरळ नसतात. कुठले युद्धातले, कुठले नंतर दुरुस्ती करून रंगवलेल्या रणगाड्याचे, कुठले दुसऱ्याच तुकडीचे, हे वेगळे काढावे लागते. इतिहासाचा अभ्यासक साधने तपासतो तेव्हा याहून निराळे काही करत नाही. फरक इतकाच की अभ्यासकाला जिथे माहिती नाही तिथे वाक्य सोडून देता येते. प्रतिकृतीत मागची बाजू कोरी सोडता येत नाही, त्यामुळे आपल्याला काय ठाऊक नाही हेही ती बिनचूक दाखवते.

इथे पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप येतो. माणसे मारणाऱ्या यंत्राचे कौतुक टेबलावर मांडायचे आणि त्याला आनंद म्हणायचे, हे बरोबर आहे का? आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. या छंदाच्या जगात एक विकृती खरोखरच आहे. नाझी जर्मनीच्या रणगाड्यांचे संच सगळ्यांत जास्त दिसतात. त्यांच्या चिलखताची जाडी तोंडपाठ असणाऱ्यांतले काही जण ते कोणासाठी आणि कशासाठी धावले हे विसरतात. खोक्यावरच्या चित्रात ज्वाळा सुंदर असतात आणि प्रेते नसतात. पण प्रमाणाची शिस्त मन लावून पाळली, तर ती उलट दिशेला नेते. १/३५ मध्ये माणूस पाच सेंटीमीटरचा होतो. तो रणगाड्याशेजारी उभा केला की पहिल्यांदा कळते, त्या पोलादी डब्यात चार जण किती दाटीने बसत. बाहेर पडायची भोके किती अरुंद होती आणि आग लागल्यावर किती वेळ मिळत असेल, याचा हिशोब मन आपोआप करू लागते. चित्रपटातला रणगाडा अजिंक्य असतो. प्रतिकृती करणाऱ्याला त्याची पातळ छतपट्टी, उघडी चेन आणि मागची इंजिनाची जाळी म्हणजे त्याची सगळी मर्मस्थाने माहीत असतात. ज्याला यंत्राची दुर्बलता कळली, त्याला आतल्या माणसाचे शौर्यही कळते आणि त्याची किंमतही. म्हणून दोष द्यायचा तर तो माणूस वगळून केलेल्या प्रतिकृतीला द्यावा.

दुसरा आक्षेप असा की तयार संच जोडण्यात कर्तृत्व ते काय, तो तर मोठ्यांचा पोरखेळ. सूचनांप्रमाणे भाग जोडण्यात कल्पकता कमी आहे, हे मान्य. पण गाण्यातही बंदिश तयारच मिळते. गवयाची परीक्षा ती कशी मांडतो यावर होते. शिवाय ही मेहनत केवळ खेळणे ठरवून बाजूला सारायची, तर पुण्यातले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालयही खेळणेच ठरेल. भाऊ जोशी यांनी छंद म्हणून जोडत आणलेल्या छोट्या रेल्वेगाड्यांचे शहर १९९८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि आज मुलांना सिग्नल, रूळ बदलणे, घाटातली रेल्वे असे सारे तिथे चालताना पाहायला मिळते. खेळ आणि ज्ञान यांच्यामध्ये भिंत असते, हे गृहीतच मुळात तपासायला हवे.

तिसरा आक्षेप खेड्यापाड्यातून येतो आणि तो रोखठोक असतो. हे परदेशी संच काही हजारांचे, रंग वेगळे, हत्यारे वेगळी. पालखीच्या मुक्कामाने, साखर कारखान्याने आणि ऊसतोडीच्या हंगामाने ज्याचे वर्ष आखले जाते, त्या नातेपुत्यात या छंदाचे काय काम? पैशाचा मुद्दा खरा आहे. परकेपणाचा मात्र नाही, कारण रणगाडा हे यंत्र शेतीच्या अवजारांतूनच आले आहे. १९१५ मध्ये इंग्लंडच्या लिंकन शहरात पहिला रणगाडा घडवणारी विल्यम फॉस्टर ही कंपनी मळणीयंत्रे आणि शेतीची वाफेची इंजिने बनवत होती. भुसभुशीत रानात चाक रुतते, पट्टा रुतत नाही, हे शेतीच्या ट्रॅक्टरने आधी शिकवले. खंदकांच्या चिखलात त्याचा लष्करी उपयोग मागून सुचला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सॉमच्या रणभूमीवर रणगाडे पहिल्यांदा उतरले. गुप्ततेसाठी त्यांना पाण्याची टाकी म्हणत, म्हणून इंग्रजीत ते ‘टँक’ झाले. मराठीने मात्र या यंत्राचे कूळ अचूक ओळखले आणि त्याला गाडाच म्हटले. काळ्या रानात गाडा रुतणे म्हणजे काय, हे नातेपुत्याला कुणी शिकवायला नको. नीरेच्या पलीकडे वालचंदनगरला साखरयंत्रांपासून अग्निबाणांच्या भागांपर्यंत अवजड यंत्रसामग्री घडवली जाते. तिथल्या कामगारांच्या घरांत नकाशावरचे प्रमाण ही रोजची भाषा आहे.

राहता राहिला खर्च. संच परवडत नसेल तर पुठ्ठा, बोर्ड रंगवणाऱ्यांकडे उरलेले सनबोर्डचे तुकडे, वायरीतली तांब्याची तार, डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानातला पॉलिश पेपर, कॅम्लिनच्या रंगांच्या नळ्या आणि धोतराच्या फडक्यातून गाळलेली काळी माती एवढ्यावर काम सुरू होते. उलट मापे घेऊन मुळापासून बनवण्यात शिक्षण जास्त आहे. आणि आपल्याकडच्या वाहनांसाठी तो मार्ग धरणे बरेचदा भागच असते. कोरियन के-९ तोफेचा संच बाजारात मिळतो, त्याला थोडे बदलून आपली ‘वज्र’ करता येते. पण जबलपूरचा शक्तिमान ट्रक, तिथलीच जोंगा, पुण्याच्या संशोधन संस्थेत आकाराला आलेले बारा अग्निबाणांचे पिनाका यांचे संच परदेशी कंपनीकडून येण्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. ज्याची मोजमापे आपल्याच गावातून गेलेल्या वाहनावरून घेता येतात, त्याची प्रतिकृती करण्याचा पहिला हक्क आपला आहे.

म्हणून पुन्हा दिवाळीच्या किल्ल्याकडे येऊ. दोन इंचांचा मावळा हा साधारण १/३५ च्याच प्रमाणातला असतो, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. त्याच्या मापाने वीस फुटी दरवाजा सात इंचांचा व्हायला हवा, आणि हजार फूट उंचीचा डोंगर साडेअठ्ठावीस फुटांचा, म्हणजे अडीच मजली घराएवढा. इथेच पेच पडतो, आणि तो फार चांगला पेच आहे. एक तर मावळे तांदळाच्या दाण्याएवढे करून अख्खा गड मांडावा, नाही तर मावळे तेवढेच ठेवून एकच बुरूज, एकच दरवाजा, दगडांच्या थरांसकट आणि अडसराच्या खोबणीसकट उभा करावा. पहिल्यात गडाची जागा का निवडली ते कळते, दुसऱ्यात पहारेकऱ्याची रात्र कळते. दोन्ही एकाच किल्ल्यात मावत नाहीत. काय लहान करायचे आणि काय सोडून द्यायचे हे ठरवावेच लागते. ते ठरवायला बसलेले पोर चिखलाने माखलेल्या हातात फूटपट्टी घेते, तेव्हा त्याचा खेळ मोडलेला नसतो. दरवाज्यातून मावळा आत जाऊ शकेल की नाही, याची काळजी आता त्याला लागलेली असते.